काटो मधी रवांदे, म्हाराजा

माझा भाऊ बाबली याने बत्तीस वर्षं एसटी चालवली आणि त्या बत्तीस वर्षांत समोरच्या मीटरांच्या काट्यांकडे कधी ढुंकून बघितलं नाही. सीटवर चढायच्या आधी बॉनेटवर तळहात टेकायचा, नाक वर करून एकदा वास घ्यायचा आणि कंडक्टरला सांगायचा, "चल." काटे बघून गाडी हाकणारा तो ड्रायव्हर नव्हे, कारकून, असं त्याचं मत. आणि खोटं कशाला बोलू, हाताचा तो खराच पक्का होता. डेपोतले मेकॅनिकसुद्धा बोलवायचे, "काकानू, हात लावन बगा जरा." हा हात लावायचा आणि पाणी कमी आहे की पट्टा सैल आहे ते तिथल्या तिथे सांगायचा.

मग तो निवृत्त झाला, आणि पुढे बऱ्याच वर्षांनी एका पावसाळ्यात दहा वर्षं वापरलेली एक पांढरी गाडी घरी घेऊन आला आणि त्या दिवसापासून त्याचं डोकं फिरलं.

मी आनंदी, त्याची धाकटी बहीण. छत्तीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स होते. लग्न केलं नाही, कारण घरात एक बाबली पुरेसा होता. आता त्याच्याच घराच्या पूर्वेकडच्या दोन खोल्यांत राहते. मी एरवी मालवणीच बोलते, पण रागावले की प्रमाण मराठीत शिरते, ही सरकारी नोकरीची खोड. हे सगळं मी प्रमाण मराठीत सांगते आहे, त्यावरून काय ते समजा.

तर गाडी. विकणाऱ्या एजंटाने सांगितलं होतं की गाडी एका डॉक्टरांची, देऊळ आणि दवाखाना यापलीकडे कुठे गेलेली नाही. जुनी गाडी विकायला काढणारे सगळे लोक डॉक्टर कसे असतात, हे मला आजवर कळलेलं नाही. पण बाबलीला त्या गाडीत एक गोष्ट अशी सापडली की तो खुळावलाच. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा. तो म्हणे हलतच नाही! चढ असो, उतार असो, ऑक्टोबरचं ऊन असो, काटा आपला मधोमध, गाभाऱ्यातल्या देवासारखा.

आमच्या कुसबेवाडीतून कुडाळला जायचं तर देवचाराची घाटी चढावी लागते. दीड किलोमीटर उभी चढण, सहा वळणं. भल्याभल्यांच्या गाड्या तिथे हीट होतात आणि मालक बाटलीने पाणी ओतत उभे असतात. बाबली त्यांच्या शेजारी मुद्दाम गाडी थांबवायचा. काच खाली करायचा आणि विचारायचा, "हीट झाली काय? अरेरे. माझो काटो बग रे, हलणा नाय." घरी पाव्हणा आला तर त्याला चहाच्या आधी गाडीत नेऊन बसवायचा आणि काटा दाखवायचा. नव्या सुनेचं तोंडसुद्धा कुणी इतक्या कौतुकाने दाखवत नाही.

त्याच सुमारास संचिता बाळंतपणाला आली. ही बाबलीची एकुलती एक मुलगी. कणकवलीला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. त्यात माझा पण आग्रह, कारण पोरीचं ब्लडप्रेशर सातव्या महिन्यापासून वर होतं आणि मला ती माझ्या नजरेखाली हवी होती. कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "सिस्टर, कळा सुरू झाल्या की घरी वाट बघत बसू नका. सरळ घेऊन या." त्यात आमच्यापासून कुडाळ एकोणीस किलोमीटर आणि मध्ये ती घाटी.

जावई कौस्तुभ भला माणूस. कणकवलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत काम करतो, हळू बोलतो आणि सासऱ्यासमोर तर जवळजवळ बोलतच नाही. तो म्हणाला, "बाबा, शेवटचे पंधरा दिवस कुडाळात हॉस्पिटलजवळ खोली घेऊ या का?"

बाबली असा उसळला, की जणू त्याच्या ताटातला मासा कुणी उचलला. "माझ्या दारात गाडी उभी आसताना माझा चेडू संचिता भाड्याच्या खोलयेत रवतला? लोक श्यान घालतले माझ्या तोंडात! कळा सुरू झाल्यो की अर्ध्या तासात हॉस्पिटलाच्या दारात. बाबलीचो शब्द हा ह्यो."

झालं. पोरीचं आणि पोटातल्या जिवाचं सगळं त्या गाडीवर येऊन ठेपलं.

शब्द दिल्यावर बाबलीला स्वतःलाच धाकधूक वाटू लागली असावी. कारण फाल्गुनात एका सकाळी तो नारळ, पानाचा विडा आणि आम्हां सगळ्यांना घेऊन घाटीच्या पायथ्याशी गेला. तिथे आसनाच्या झाडाखाली राखणदाराचा दगड आहे. त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालायचं काम दत्तप्रसाद गावकराचं. दत्तप्रसाद त्यातला वकील म्हणा ना. आंब्याचा मोहर, जमिनीची केस, मोबाइलचा टॉवर, कशाकशासाठी त्याने गाऱ्हाणी घातली आहेत आणि कोणतंच मोघम नाही. त्याने बाबलीला विचारलं, "गाडयेसाठी नेमका काय मागूचा? देवाक नेमका सांगूचा लागता. मोघम मागलास तर मोघमच मिळतला."

बाबलीने एका दमात सांगितलं, "काटो."

"काटो?"

"मधी आसा. तसोच रवांदे."

दत्तप्रसादाने घसा साफ केला, हात जोडले आणि सूर लावला. "बा देवा राखणदारा म्हाराजा! आज ह्यो बाबली तुझ्या पायाकडे नारळ ठेवन उभो आसा. तेच्या गाडयेचो काटो आज जसो मधी आसा, तसोच कायम मधी रवांदे. चढणीर हलूक देव नको, उन्हात हलूक देव नको. कोणाची वाकडी नजर तेच्यार पडली आसात, तर ती तिकडच्या तिकडे परतून लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. मीसुद्धा म्हणाले. पुढे जे झालं त्यात माझ्या त्या होकाराचाही वाटा आहे, हे मी आधीच कबूल करून टाकते.

पंधरवड्याने माझ्या डोक्यात पहिला प्रकाश पडला. सकाळी सहा वाजता बाबली मला वाडीतल्या एका म्हातारीला इंजेक्शन द्यायला घेऊन निघाला होता. गाडी रात्रभर अंगणात गार पडलेली. त्याने चावी फिरवली, अजून इंजिन सुरूसुद्धा झालं नव्हतं, आणि काटा टुणकन मधोमध येऊन बसला.

"दादा," मी म्हटलं, "रातभर गार पडलेल्या इंजिनाचो काटो मधी कसो?"

"तो कायम तयारीत आसता. आमी नाय ड्युटीच्या आधी हजर रवत? तसो."

कितीही झटकला तरी साडेअठ्ठ्याण्णववर बसून राहणारा थर्मामीटर आमच्याकडे आला असता, तर आम्ही तो कचऱ्यात टाकला असता. पेशंटला "तुला ताप नाही" म्हणून घरी धाडलं नसतं. मी हे बाबलीला सांगितलं. तो म्हणाला, "गाडी म्हंजे काय पेशंट न्हय." पालथ्या घड्यावर पाणी.

त्या रविवारी कौस्तुभ आला तेव्हा मी त्याला गाठलंच. सासऱ्याला झोप लागल्यावर त्याने बॉनेट उघडलं, पण करकर ऐकून सासरा जागा झाला आणि बनियनवर बाहेर आला.

"काय शोधतास?"

"बाबा, पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर कुठे असतो ते बघत होतो."

"माझ्या गाडयेक तसला काय नाय," बाबली म्हणाला. "ती साधी गाडी आसा."

"मग काटा कशावर चालतो?"

बाबलीने आयुष्यात पहिल्यांदा या प्रश्नाचा विचार केला असावा, कारण तो डोकं खाजवत बॉनेटजवळ आला. कौस्तुभने मला सांगत सांगत शोधायला सुरुवात केली. सासऱ्याला सांगायचं असलं की तो मला सांगायचा, ही त्याची रीत. म्हणाला, "आत्या, इंजिनातून तापलेलं पाणी या वरच्या जाड रबरी नळीतून रेडिएटरकडे जातं. ही नळी इंजिनाला जिथे चिकटते, तिथपर्यंत माग काढत जायचं. सेन्सर तिथेच आसपास असतो, पाण्यात तोंड बुडवून बसलेला." त्याने हवेच्या फिल्टरचा काळा डबा काढून बाजूला ठेवला आणि खाली बोट दाखवलं. अंगठ्याच्या पेराएवढा पितळी तुकडा, डोक्यावर दोन पिना. त्या पिनांवर वायरीचा प्लग असायला हवा होता. तिथे कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं.

वायरी वेगळीकडेच गेल्या होत्या. त्यांची टोकं कापून, काळी टेप गुंडाळून, नळीमागे लपवलेली. कौस्तुभने टेप सोडली. आत शेंगदाण्याएवढा एक रंगीत पट्ट्यांचा मणी.

"हा रेझिस्टर," तो म्हणाला. "दहा रुपयाला मिळतो."

मग त्याने मातीचं घर खरवडून सेन्सर काढला, आपला मीटर आणला आणि आम्ही स्वयंपाकघरात शिरलो. माझ्या वहिनीने, लक्ष्मीने, पेजेचा टोप धुऊन ठेवला होता. मी त्यातच पाणी तापवायला ठेवलं. जावयाला ओरडता येत नाही म्हणून ती माझ्यावर घसरली, "वन्सं, ह्यो माझो पेजेचो टोप! तेच्यात गाडयेचा कायता घालतास?" पण तीही बघायला थांबली. संचिता पोटावर हात ठेवून दारात उभी.

गार सेन्सरला मीटर लावला तर आकडा दोन हजाराच्या आसपास. पाणी तापत गेलं तसा आकडा उतरत गेला. कढ आला तेव्हा अडीचशेच्याही खाली. कौस्तुभने समजावलं, "हा गार असताना विजेला खूप अडवतो. तापत जाईल तशी वाट सोडत जातो. किती वाट सोडली त्यावरून गाडीच्या काँप्युटरला कळतं पाणी किती तापलं, आणि त्यावरच काटा हलतो." मी मनात म्हटलं, आमचा दादा नेमका उलटा. तापला की जास्त अडवतो.

मग त्याने तो मणी मीटरला लावला. दोनशे सत्तर. टोपावर धरला, दोनशे सत्तर. माठाच्या पाण्यात बुडवला, दोनशे सत्तर.

"म्हंजे?" लक्ष्मीने विचारलं.

"म्हणजे गाडी आधीपासून हीट होत होती," कौस्तुभ माझ्याकडे बघत म्हणाला. "दुरुस्त करण्यापेक्षा कुणीतरी तिचं तोंड बंद केलं. आणि काटाच फसला असं नाही, पंखाही फसला. पाणी तापलं की पंखा लावायचा हुकूम याच सेन्सरवरून सुटतो. पाणी कधी तापतच नाही म्हटल्यावर पंखा कशाला लागेल? बाबा सकाळच्या गारव्यात, एकटे, सावकाश चालवतात, म्हणून इतके दिवस निभावलं."

बाबली दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

खरा सेन्सर बसवून, वायरी जोडून आम्ही फेरी मारली. चावी फिरवली तर काटा तळाशी. मग हळूहळू उठला, मध्याला आला, आणि पुढे अशी घरघर झाली की बाबली दचकला. आठ महिन्यांत पहिल्यांदा पंखा लागला होता. तरीही घाटीच्या पायथ्याशी काटा मध्य ओलांडून वर सरकायला लागला, तेव्हा कौस्तुभने गाडी वळवली. रेडिएटर आतून चोंदलेला असणार, म्हणाला. उद्याच कुडाळच्या मेस्त्रीकडे टाका, दोन दिवसांचं काम, तोवर घाटी चढू नका. एवढं तो पहिल्यांदाच थेट सासऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलला आणि संध्याकाळच्या गाडीने कणकवलीला गेला.

आता सांगा, शहाण्या माणसाने काय केलं असतं? सोमवारी बाबली म्हणाला, अमावास्या आहे. मंगळवारी म्हणाला, मेस्त्री फोन उचलत नाही. त्याच दिवशी दत्तप्रसाद येऊन गाडीत बसला, त्याला तळाशी बसलेला काटा दिसला आणि तो हादरलाच. "बाबली, देवान राखलेलो काटो तुझ्या जावयान हलवल्यान? राखणदाराक काय सांगतलंस?" बाबली संध्याकाळी बराच वेळ बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. मला वाटलं, पाणी भरतोय. बुधवारी जावयाचा फोन आला तेव्हा मी बाबलीला बोलताना ऐकलं, "गाडी? सगळा बरा आसा. काळजी करू नको." मला वाटलं, मेस्त्रीशी बोलणं झालं असेल. छत्तीस वर्षं लोकांच्या "बरा आसा"वर विश्वास न ठेवण्याचा पगार घेतला मी, आणि सख्ख्या भावाच्या वेळी गप्प बसले.

गुरुवारी सकाळी अकराला संचिताला कळा सुरू झाल्या. तारखेच्या नऊ दिवस आधी. मी प्रेशर बघितलं आणि मशीन पुन्हा लावून बघितलं. मग लक्ष्मीला फक्त म्हटलं, "निघूया." ॲम्ब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. पाऊण तास तरी लागेल म्हणाले. वाडीतल्या बाकी गाड्या आंब्याच्या पेट्या घेऊन गेलेल्या. अंगणात एकच गाडी उभी.

आम्ही मागे बसलो, संचिता मध्ये. बाबलीने चावी फिरवली आणि काटा टुणकन मधोमध आला.

मी तो बघितला. बाबलीने मी बघितलेलं बघितलं.

"दादा," मी म्हटलं, "हे तू काय केलंस?" प्रमाण मराठीत.

"आता बोला नको, आनंदी. चेडवाक कळा येतत."

"घाटीच्या पायथ्याशी थांब. पाच मिनिटं गार होऊ दे. ऐकतोस का?"

त्याने गाडी अंगणातून बाहेर काढली. बाहेर चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. गाडीत चार माणसं, पाचवं यायच्या वाटेवर. पायथ्याशी राखणदाराचं झाड आलं, आणि मला तो वास आला, गोडसर, जळका. मी आरशात बाबलीकडे बघितलं. त्याचं नाक वर गेलं. तस्संच, एसटीत चढायच्या आधी जायचं तसं. त्याला वास आला होता, यात मला तिळमात्र शंका नाही. मग त्याने नजर खाली घेतली, काट्याकडे बघितलं आणि गिअर टाकला.

"दादा, थांब!"

"मधी आसा गो!" तो ओरडला. "काटो मधी आसा!"

चौथ्या वळणावर गाडीने एक हिसका दिला, बॉनेटच्या फटींतून पांढरी वाफ उसळली आणि इंजिन मेलं. बाबली उतरला, बॉनेट उघडलं, आणि काय सुचलं कोण जाणे, बत्तीस वर्षांच्या सवयीने त्याने आत उजवा हात टेकला. त्याची किंकाळी आणि संचिताची कळ एकाच वेळी आली. मी पुढे वाकून बघितलं. चावी चालूच होती. वाफ ओकणाऱ्या, मेलेल्या इंजिनाचा काटा मधोमध होता. दत्तप्रसादाने मागितलं होतं अगदी तसा.

उन्हात आम्ही किती मिनिटं होतो ते मला सांगता येणार नाही. संचिता म्हणत होती, "आत्ये, माका डोळ्यांपुढे चांदण्यो दिसतत," आणि प्रेशरच्या बाईने असं म्हणणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. देवाचं नाव घ्यायचं तर कोणत्या तोंडाने घेणार? त्याने आमचं गाऱ्हाणं तंतोतंत पाळलं होतं.

मग खालून एसटीचा आवाज आला. ड्रायव्हर विनीत, बाबलीच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा, आता दोन पोरांचा बाप. त्याने खिडकीतून बघितलं आणि गाडी थांबवली. मागच्या लांब सीटवरचे लोक आपणहून उठले. एका बाईने स्वतःचं लुगडं पिशवीतून काढून सीटवर अंथरलं. संचिताला वर घेतलं, मी चढले. बाबली पायरीवर पाय ठेवणार, इतक्यात लक्ष्मी वळली. पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला उलटून एक शब्द न बोललेली बाई ती.

"तुमी रवा तुमच्या काट्याकडे," ती म्हणाली.

विनीतने घंटीची वाट न बघता गाडी सोडली. मागच्या काचेतून मला बाबली दिसला. भाजलेला हात दुसऱ्या हातात धरून, पांढऱ्या गाडीशेजारी, रस्त्याच्या मधोमध.

कुडाळपर्यंत बस कुठल्याही थांब्यावर थांबली नाही आणि एकाही प्रवाशाने कुरकुर केली नाही. हॉस्पिटलच्या दारात आम्ही पोचलो तेव्हा संचिताच्या हातापायांना बारीक झटके सुरू झाले होते. तातडीने सिझर केलं आणि पाऊण वाजता मुलगी झाली. अडीच किलो, खणखणीत आवाजाची. आई दोन दिवस इंजेक्शनांवर होती, मग सावरली. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "सिस्टर, अजून पंधरा मिनिटं..." आणि पुढचं बोलल्या नाहीत. मी नर्स आहे, मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

बाबली अडीच वाजता कुणाच्या तरी टेम्पोतून आला आणि बाहेर बाकावर बसून राहिला. आत यायची त्याची हिंमत नव्हती. मी ट्रे घेऊन गेले, त्याचा तळहात पुढे ओढला. सगळा फोडांनी भरला होता. बत्तीस वर्षांचा पक्का हात तो.

"पोर बरी आहे," मी म्हटलं. "नात झाली तुला."

त्याने मान हलवली. मी मलम लावत होते, तो जमिनीकडे बघून बोलत होता. "माका वास इलो होतो गो. पायथ्याकच इलो. पायाक पन कळला, गाडी जड झाली ती. एसटी आसती तर मी थंयच उभी केलंय आसतंय. पन मी काट्याकडे बघलंय. तो मधी होतो."

"आणि तो मधी का होता?"

"मीच तो मणी परत लावन बांधलंय तेका," तो म्हणाला. "मंगळवारी. माका म्हायत होता गो आनंदी. माका सगळा म्हायत होता." आणि माझा अडुसष्ट वर्षांचा भाऊ लहान पोरासारखा रडायला लागला. मला त्याच्या मुस्काटात द्यायची होती, ती राहिली. मी बँडेज बांधलं.

कौस्तुभ कणकवलीहून धावत आला तेव्हा बाबली उठून उभा राहिला. जावई काही बोलला नाही. त्याने सासऱ्याच्या हाताकडे बघितलं आणि आत गेला. काही तरी बोलला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर बाबलीला सोपं गेलं असतं.

गाडी महिनाभर मेस्त्रीकडे होती. रेडिएटर नवा, इंजिनाचं डोकं उघडून दुरुस्त, आणि सेन्सर जिथे असायला हवा तिथे, त्याच्याच वायरींना जोडलेला. सव्वा महिना झाला तसं बाळंतिणीला पहिल्यांदा बाहेर काढायचं ठरलं. नातीचं नाव श्रिया ठेवलं होतं. देवळात जायच्या आधी बाबलीने घाटीच्या पायथ्याशी गाडी उभी केली. नारळ त्याने आदल्या दिवशीच आणला होता. दत्तप्रसाद झाडाखाली वाट बघत होता.

"बोल, काय मागूचा?" दत्तप्रसादाने विचारलं. "नेमका सांग."

"आज मीच घालतंय गाऱ्हाणा," बाबली म्हणाला. दत्तप्रसादाला ते रुचलं नाही, पण बाबलीच्या हाताचा तो गुलाबी, सुरकुतलेला व्रण बघून तो बाजूला झाला.

बाबलीने हात जोडले. त्याला सूर लावता येत नव्हता, साधंच बोलला. "म्हाराजा, मागच्या खेपेक मी जा मागलंय, ता तू दिलंस. तुझी काय चूक नाय. मागणारोच खुळो. ता मागणा मी आज परत घेतंय." तो थांबला. कौस्तुभने पुढे होऊन त्याच्या खांद्याला हात लावला. "आता येकच मागणा आसा. गाडी थंड आसताना काटो खाली रवांदे. तापली की वर चढांदे. जा खरा आसा, ता माका दिसांदे. आनी दिसला की थांबाची बुद्धी दी रे म्हाराजा."

असलं गाऱ्हाणं दत्तप्रसादाने जन्मात ऐकलं नव्हतं. सगळ्यांत आधी लक्ष्मी म्हणाली, मोठ्याने.

"व्हय म्हाराजा!"

मग आम्ही सगळे म्हणालो. मी सगळ्यांत जोरात.

आम्ही बसेपर्यंत इंजिन बऱ्यापैकी निवलं होतं. बाबलीने चावी फिरवली आणि गाडीतली पाच मोठी माणसं श्वास धरून काट्याकडे बघत बसली. काटा मध्याच्या बराच खाली होता. घाटी सुरू झाली. पहिलं वळण, दुसरं वळण. काटा हलला, चढत चढत मध्याला आला, आणि बॉनेटखाली घरघर सुरू झाली.

"पंखो लागलो," बाबली म्हणाला.

तरीही चौथ्या वळणावर त्याने गाडी बाजूला घेतली, उतरला, आणि बॉनेटवर बाहेरूनच डावा हात टेकला. नाक वर करून वास घेतला. मग आत येऊन बसला आणि मागे वळून संचिताला विचारलं, "निघूया मां गो?"